तिसरं गॅस्केट लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८६ मिलिमीटर, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. बूस्ट, म्हणजे टर्बोनं आत कोंबलेल्या हवेचा दाब, ०.७ बारवरून १.५ बारवर नेल्यानंतर हेड आणि ब्लॉकमधला सांधा बंद ठेवणारं मूळचं हेड गॅस्केट गेलं. मग मल्टी-लेयर स्टीलचं गॅस्केट आणि जास्त ताकदीचे स्टड (ब्लॉकमध्ये बसवून वरून नटानं आवळायचे दांडे) टाकले, तरी तीन महिन्यांत पूर्ण बूस्टवर पाणी ओव्हरफ्लो बाटलीत यायला लागलं. साधं चालवताना काहीच त्रास नाही. आता ब्लॉकमध्ये ओ-रिंग (खाचेत बसवलेली स्टीलची तार) मारून तांब्याचं गॅस्केट लावावं का?

उत्तर आधीच सांगतो: नको. गॅस्केट स्वतःच्या जोरावर काहीच अडवत नाही. हेड आणि ब्लॉक एकमेकांवर जितक्या जोरानं आणि जितक्या सारखेपणानं दाबून धरलेले असतील, तितकंच ते अडवतं. ही पकड कमी पडते आहे, की पकड पुरेशी असून सिलिंडरमधला दाबच भलताच उसळतो आहे, हे कळल्याशिवाय तिसरं गॅस्केट विकत घेणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

उतरवलेली दोन्ही गॅस्केटं टाकून दिली नसतील अशी आशा आहे. ती शेजारी शेजारी ठेवा, चांगल्या उजेडात, आणि हेडच्या बाजूनं व ब्लॉकच्या बाजूनं दोन्हीकडून बघा. सिलिंडरभोवतीचं कडं शाबूत आहे, आकार बदललेला नाही, पण एका जागेवरून काळा पट्टा पाण्याच्या भोकाकडे गेलाय आणि त्या पट्ट्यात कोटिंग उडालंय, असं दिसलं तर हेड उचललं जातंय. पकड कमी आहे किंवा तेवढ्या जागी फेस (हेड किंवा ब्लॉकचा, गॅस्केट बसतं तो सपाट पृष्ठभाग) खोलगट आहे. याउलट कडं हातोडीनं ठोकल्यासारखं चपटं झालंय, थर बाहेर ढकलले गेलेत किंवा एखादा थर चिरलाय, तर ते नॉकिंगचं, म्हणजे उरलेलं मिश्रण एकदम फुटण्याचं काम. अशा वेळी स्पार्क प्लगच्या पोर्सेलिनवर मोहरीहूनही बारीक चकचकीत ठिपके सापडतात. ते पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम असतं. पिस्टनच्या कडेलाही वाळूचा फवारा मारल्यासारखे खड्डे दिसतात. दोन्ही वेळा गॅस्केट त्याच सिलिंडरला, त्याच बाजूला गेलं असेल तर गॅस्केटवरचा संशय पूर्ण काढून टाका. तो दोष ब्लॉकमध्ये किंवा हेडमध्ये बसलेला आहे आणि तिसऱ्यांदाही तिथेच भेटेल.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मला हेड उचलण्याचीच शंका जास्त आहे. बूस्टवर असताना वायू पाण्यात घुसतो, बूस्ट उतरला की हेड परत बसतं आणि सगळं ठीक वाटतं. म्हणूनच थंड इंजिनावर केलेली कॉम्प्रेशन टेस्ट अशा गाडीत बिनधास्त पास होते. तिच्यावर विसंबू नका.

आता पकडीचा हिशोब करू, कारण इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. ८६ मिलिमीटर बोअरचं क्षेत्रफळ ५८ चौरस सेंटिमीटर भरतं. कमी बूस्टवर जळतानाचा सर्वोच्च दाब ७५ बार धरला, तर हेडला वर ढकलणारा जोर सुमारे साडेचार टन होतो. तुमच्या आत्ताच्या बूस्टवर तो दाब ११० बार धरला तर साडेसहा टन. चार सिलिंडरांना दहा बोल्ट, म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला अडीच. मूळचा ११ मिलिमीटरचा बोल्ट ४५ किलोन्यूटन ताण देत असेल, तर एका सिलिंडरवर साडेअकरा टन पकड मिळते. कारखान्यातून निघालं तेव्हा उचलणाऱ्या जोराच्या अडीचपट पकड होती. बूस्ट वाढवल्यावर ती पावणेदोन पटीवर आली. गॅस्केट जाणारच होतं. त्यांच्या जागी चांगल्या मिश्रधातूचे स्टड घेऊन प्रत्येकी ६८ किलोन्यूटनपर्यंत ताणले, तर पकड सतरा टनांवर जाते आणि जुनं प्रमाण परत मिळतं. म्हणजे तुमचा स्टड घेण्याचा निर्णय बरोबरच होता. प्रश्न एवढाच आहे की त्या स्टडमध्ये खरोखर ६८ किलोन्यूटन ताण आला होता का?

टॉर्क रेंच ताण मोजत नाही, फिरवायला लागणारा जोर मोजतो. तुम्ही लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा नटाच्या खालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांमध्ये, आणि स्टड ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. त्यामुळे घर्षणात थोडा बदल झाला तरी पकडीत मोठा फरक पडतो. स्टडसोबत आलेली मॉलिब्डेनमची ग्रीस लावून ९५ न्यूटन-मीटरला जो ताण येतो, तोच आकडा साध्या इंजिन ऑइलवर गाठला तर ताण पाव हिश्शानं कमी भरू शकतो. रेंचची टिकटिक तीच, आकडा तोच, आणि सतरा टनांची पकड तेरा टनांवर आलेली. कुठलं वंगण लावलं होतं, हे आधी आठवून बघा. स्टडबरोबरच्या कागदावर ग्रीसचा टॉर्क आणि तेलाचा टॉर्क वेगवेगळा दिलेला असतो, आणि कारखान्याच्या मॅन्युअलमधला मूळ बोल्टचा आकडा तर या स्टडना लागूच होत नाही.

ग्रीस आट्यांना लावायचीच, पण नटाच्या खालच्या चेहऱ्याला आणि वॉशरच्या वरच्या बाजूलाही लावायची. निम्मं घर्षण तिथे आहे. वॉशरची खालची बाजू मात्र कोरडी ठेवा, नाहीतर नटासोबत वॉशरच फिरतो. वॉशरला एका बाजूनं आतल्या कडेला उतार असेल तर ती बाजू वर, नटाकडे. नवीन स्टडचे आटे पहिल्या आवळणीत खरखरतात, म्हणून मी जुनं गॅस्केट घालून पूर्ण टॉर्कपर्यंत आवळतो आणि सोडतो, असं तीनदा करतो. चौथ्या वेळी, खऱ्या गॅस्केटवर, सगळ्या स्टडचा ताण बराच सारखा येतो. वेळखाऊ आहे, पण दहा स्टडमध्ये एक ढिला राहिला की पाणी त्याच्याच शेजारून वाट काढतं.

ब्लॉकमधली भोकं हा वेगळाच विषय आहे आणि त्याकडे सर्वात कमी लक्ष दिलं जातं. तळ बंद असलेल्या भोकात चमचाभर तेल किंवा पाणी राहिलं तर स्टड तळाला टेकण्याआधी त्या द्रवावर टेकतो. बोल्ट असेल तर आवळताना तो द्रव दाबला जातो, टॉर्क दिसतो पण पकड येत नाही, आणि ब्लॉकला तडा जाण्याचीही भीती असते. भोकं हवेनं उडवा, मग आटे साफ करणारा चेसर फिरवा. कापणारा नवा टॅप घालू नका, तो आट्यांचं मांस काढतो आणि फिट ढिला करतो. स्टड ब्लॉकमध्ये फक्त हातानं बसवायचे, तळाला हलके टेकेपर्यंत. भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडत असेल, तर तेवढ्या आट्यांना सीलंट लागतं.

एक इंजिन मी कधी विसरणार नाही. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्ये दोनदा गेलेलं. ब्लॉक मशीन केलेला, स्ट्रेट एज खाली ०.०३ मिलिमीटरची पट्टी कुठेच जात नव्हती, स्टड नवे, ग्रीस बरोबर. मीच दोन्ही वेळा जोडलं होतं. तिसऱ्यांदा जोडण्यापूर्वी पुऱ्या फेसवर निळी शाई फासली आणि सपाट तेलाचा दगड अगदी हलक्या हातानं फिरवला. एका स्टडच्या भोकाभोवती नखाएवढ्या रुंदीचं कडं लख्ख उघडं पडलं, बाकी सगळीकडे शाई तशीच. वरचा पहिला आटा स्टडच्या ओढीनं वर आला होता आणि त्यानं भोकाची कड उचलून धरली होती. ब्लॉक मशीन झाला तेव्हा स्टड नव्हते, म्हणून फेस सपाट होता; स्टडनं पहिल्यांदा ओढ घेतली तेव्हा कड वर आली, आणि मी पट्टी टाकून बघितली ती नेमकी भोकांच्या रांगेमधून, भोकांवरून नाही. हेड त्या उंचवट्यावर टेकत होतं आणि शेजारच्या कड्यावरची पकड खात होतं. उपाय अगदी छोटा निघाला: प्रत्येक भोकाच्या तोंडाला उतार देऊन पहिला आटा फेसच्या खाली नेला आणि दगडानं उंचवटा घासला. ते इंजिन नंतर उघडावं लागलं नाही. जास्त ताकदीचे स्टड टाकले की ही ओढ वाढते, त्यामुळे तुमच्या ब्लॉकवर ही तपासणी पहिल्या दिवशी करा.

फेसबद्दल. मल्टी-लेयर स्टीलचं गॅस्केट म्हणजे स्प्रिंगसारखे उठाव दिलेले स्टेनलेस स्टीलचे पातळ पत्रे, आणि बाहेरच्या थरांवर रबरासारख्या कोटिंगचा जेमतेम २५ मायक्रॉन जाडीचा लेप. मशीनिंगच्या बारीक ओरखड्यांत भरायला एवढाच लेप आहे. जुनी मऊ, कॉम्पोझिट गॅस्केटं खडबडीत फेसवर घट्ट बसायची, उलट त्यांना थोडा खडबडीतपणा हवा असायचा. स्टीलला तो चालत नाही. आर-ए (फेसच्या खडबडीतपणाचं माप) १.२५ मायक्रॉनच्या वर गेलं की मी ते हेड परत पाठवतो; ०.८ च्या खाली मिळालं तर समाधान वाटतं. हे नखानं ओळखता येत नाही, मोजायचं यंत्र लागतं. मशीन शॉपवाल्याला ‘जरा फेस मारून द्या’ म्हणू नका. ‘स्टीलच्या गॅस्केटसाठी, एवढ्या आर-एला’ असं सांगा आणि मोजून दाखवायला सांगा. सपाटीची मर्यादा चार सिलिंडरच्या पूर्ण लांबीत ०.०५ मिलिमीटर, आणि एका सिलिंडरच्या अंतरात त्याच्या निम्मी. लांबीवर सावकाश पसरलेला बाक हेड आवळताना बराचसा ओढून घेतो, पण छोट्या जागेतला खड्डा कितीही आवळला तरी तसाच राहतो.

म्हणूनच एअर टूलला लावायची खरखरीत चकती फेसवर फिरवू नका. जुनं गॅस्केट चटकन निघतं खरं, पण ॲल्युमिनियममध्ये बोटाच्या रुंदीचे खोलगट भाग होतात. आणि चकतीतून झडणारी भुकटी तेलाच्या वाटेनं बेअरिंगपर्यंत जाते. प्लॅस्टिकची पट्टी, सॉल्व्हंट आणि चिकाटी यांनीच हे काम करायचं. शेवटी पांढरं कापड ॲसिटोनमध्ये भिजवून पुसायचं. कापड काळं होतंय तोवर पुसत राहायचं.

तुमचं हेड दोन गॅस्केटांच्या काळात तापलं होतं का? तापलं असेल तर फेस मारून भागत नाही. उष्णतेची प्रक्रिया केलेलं ॲल्युमिनियम जास्त तापलं की मऊ पडतं. मऊ हेडवर वॉशर हळूहळू रुततो, आणि रुतला की स्टडचा ताण गेला. हेडच्या थंड राहणाऱ्या कोपऱ्यावर आणि एक्झॉस्टच्या बाजूला, दोन्हीकडे कडकपणा मोजून घ्या. मोठा फरक असेल तर त्या हेडवर एक रुपया खर्च करू नका. ओव्हरहेड कॅमचं हेड वाकलेलं असेल तर कॅमची बैठकही वाकलेली असते. आधी हेड सरळ करायचं, मग फेस मारायचा, आणि शेवटी कॅम हातानं सहज फिरतो का ते पाहायचं.

बीड आणि ॲल्युमिनियम ही जोडी गॅस्केटला सतत घासत असते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुपटीनं फुगतं. ४०० मिलिमीटर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं की ते मोकळं असतं तर बिडापेक्षा जवळजवळ ०.४ मिलिमीटरनं जास्त लांब झालं असतं. स्टड त्याला धरून ठेवतात, तरी प्रत्येक तापण्या-निवण्यात थोडी सरक होतेच, आणि खडबडीत फेस असेल तर त्यात कोटिंग खरवडलं जातं. उंचीतही तेच होतं: हेड स्टडपेक्षा जास्त वाढतं, त्यामुळे गरम इंजिनात पकड वाढते. याचा अर्थ थंड इंजिनात पकड सर्वात कमी असते. पाणी तापलं म्हणजे हेड सगळीकडून तापलं असं नाही. तेल ८० अंशांवर येईपर्यंत पूर्ण बूस्ट मागू नका.

गॅस्केट निवडताना दोन गोष्टी. त्याचं भोक बोअरपेक्षा साधारण एक मिलिमीटर मोठं हवं, तुमच्याकरता ८७. कडं सिलिंडरमध्ये डोकावलं तर ते लालबुंद होतं आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं. दुसरं, बूस्टसाठी कॉम्प्रेशन कमी करायचं म्हणून जाड गॅस्केट घेण्याचा मोह टाळा. पिस्टनचा सपाट काठ आणि हेड यांच्यातलं अंतर एक मिलिमीटरच्या आसपास असतं तेव्हा कडेचं मिश्रण मध्याकडे फेकलं जातं आणि ज्वलन चटकन संपतं. ते अंतर दीड-पावणेदोनवर नेलंत, तर कॉम्प्रेशन थोडं उतरतं पण कडेला साचलेलं मिश्रण नॉकिंग करायला मोकळं राहतं. कॉम्प्रेशन कमी करायचंच असेल तर पिस्टन बदला.

आणि स्टीलच्या गॅस्केटवर स्प्रे, सिलिकॉन, काहीही फासू नका. टायमिंग कव्हर आणि ब्लॉकचा सांधा येतो तिथला ठिपका तेवढा अपवाद.

तांब्याबद्दल तुम्ही खास विचारलंय म्हणून. तांब्याला स्प्रिंग नाही. स्टीलचा उठाव हेड काही मायक्रॉन उचललं तरी मागोमाग येतो, तांबं दबलं की दबलेलंच राहतं. ब्लॉकमधल्या खाचेत बसवलेली स्टीलची तार तांब्यात रुतून वायू उत्तम अडवते, यात शंका नाही. पण पाणी आणि तेल अडवायला तांब्याला सीलंटची मदत लागते आणि रोजच्या तापण्या-निवण्यात तिथेच झिरपायला सुरुवात होते. टॉप फ्युएल ड्रॅग गाड्या तांबंच वापरतात, पण त्यांचं इंजिन प्रत्येक धावेनंतर उघडलं जातं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला, १.५ बारवर, त्याची गरज नाही. तुमचा ब्लॉक वरून बंद असलेला बिडाचा आहे. याहून चांगला पाया मिळत नाही. वरून उघडा ॲल्युमिनियमचा ब्लॉक असता, सिलिंडरच्या भिंती वरच्या टोकाला मोकळ्या असत्या, तर मी वेगळं बोललो असतो, कारण तिथे भिंतच हलते.

इतकं सगळं करूनही नॉकिंग राहिलं तर कुठलंही गॅस्केट टिकणार नाही. साध्या ज्वलनात दाब चढतो आणि उतरतो. नॉकिंगमध्ये उरलेलं मिश्रण एकदम फुटतं आणि दाबाची लाट तुमच्या बोअरमध्ये सेकंदाला साधारण साडेसहा हजार वेळा या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटते. ही लाट भिंतीलगतचा थंड वायूचा पातळ थर उडवून लावते, म्हणून धातू तापतो, तापला की नॉकिंग आणखी वाढतं. ट्यून करणाऱ्याकडून शेवटच्या पूर्ण बूस्टच्या धावेचा लॉग मागून घ्या: आत येणाऱ्या हवेचं तापमान, नॉक सेन्सरनं टायमिंग (ठिणगीची वेळ) किती मागे ओढलं, इंधनाचा दाब वरच्या आरपीएमला पडतो का. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये लागोपाठ घेतलेल्या दोन-तीन धावा बघा, एकट्या थंड धावेवरून काही कळत नाही. माझा अनुभव असा की दोन अंश टायमिंग मागे घेतल्यानं जाणारी ताकद चालकाला कळतही नाही, गॅस्केटला मात्र कळते.

जोडणीच्या दिवशी घाई नको. मधून बाहेर, ठरलेल्या क्रमानं, तीन टप्प्यांत आवळा. प्रत्येक टप्प्यात रेंच एका संथ ओढीत आकड्यावर आणा, मध्ये थांबून पुन्हा झटका दिला की घर्षण बदलतं. हेड डगमगू न देता सरळ खाली आणा, म्हणजे कोटिंग खरचटणार नाही. पाणी भरताना हवा पूर्ण काढा. हेडमध्ये अडकलेला हवेचा फुगा एक्झॉस्टच्या बाजूला वाफ करतो, आणि नवं गॅस्केट पहिल्याच दिवशी भाजतं. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवा, रात्रभर निवू द्या. स्टीलच्या गॅस्केटला सहसा परत आवळावं लागत नाही, पण स्टड नवे असतील तर पहिल्या निवण्यानंतर, पूर्ण थंड इंजिनावर, मी एकेक नट त्याच आकड्यावर तपासतो. एकदम सगळे सैल करायचे नाहीत.

त्यानंतर कूलिंग सिस्टिमला एक दाबमापक जोडा आणि बूस्ट पायरी-पायरीनं वाढवा: १.०, मग १.२, मग १.५. पाण्याचा दाब तापमानाबरोबर सावकाश चढणं ठीक आहे. ॲक्सिलरेटर दाबताच काटा उडी मारत असेल, तर हेड अजून उचलतंय. तिथेच थांबा, मागच्या पायरीवर परत या, आणि मला त्या बूस्टचा आकडा आणि दोन्ही जुन्या गॅस्केटांचे फोटो पाठवा, हेडची बाजू वेगळी, ब्लॉकची वेगळी.